एकशे अठ्ठावीस मार्कांची धास्ती

मला गणित येत नाही, हे दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मला चांगलं ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं. गावाला एवढंच कळलं होतं की गणितात दीडशेपैकी एकशे अठ्ठावीस पडले, आणि तोवर आमच्या गावात एवढे कुणाला पडलेच नव्हते. ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला. सत्काराला टॉवेल-टोपी द्यायची रीत. पोरीला टोपी कशी घालायची म्हणून टॉवेल मला दिला आणि टोपी माझ्या वडिलांना घातली. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा हसत होते, मी खाली मान घालून उभी होते, आणि लोक म्हणत होते, पोरगी किती साधी बघा.

साधी कसली, भ्यालेली होते.

केदारखेड्याला एस.टी.तून उतरलं की पुढं दोन कोस चालत आमचं गाव. नववीत असताना गणिताच्या सरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. चित्रकलेचे सर गणिताचा तास घ्यायला लागले. माणूस सरळ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "हे बघा, मला हे येत न्हाई. पण पास कसं व्हायचं ते येतं." आणि त्यांनी टेबलावर गाईड ठेवलं. रोज दोन उदाहरणं फळ्यावर उतरवायची, आम्ही वहीत घ्यायची, दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणून दाखवायची. आरती म्हणावी तशी. "समजा, मुलाचे आजचे वय क्ष वर्षे आहे." क्ष कुठून आला, कुणी आणला, का आणला, विचारायची सोय नव्हती, कारण सर स्वतःच म्हणाले होते की मला येत नाही. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी 'पडताळा' असं लिहून दोन ओळी असायच्या. त्याही आम्ही पाठ केल्या. पडताळा म्हणजे उदाहरण संपलं, एवढाच आमचा समज.

माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. अख्खं गाईड मी गिळलं, आणि बोर्डाच्या पेपरात त्यातलंच बरंचसं जसंच्या तसं आलं. बस्स. एकशे अठ्ठावीस.

मग दादांनी काढलं की पोरीला जालन्याला सायन्सला घालायची, गणित घेऊन, इंजिनेर करायची. घरात भांडण झालं. माझे चुलते म्हणाले, आर्टला घालायची तर भोकरदनला जाऊन-येऊन करंल, जालन्याला ठेवायची काय गरज? दादा म्हणाले, गणितात एकशे अठ्ठावीस पडल्यात तिला, आर्टला कामून घालू? शेवटी दोघा भावांत ठरलं की गणित असेल तर जालना, गणित नसेल तर आपलं घर आणि भोकरदनची एस.टी. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. त्याच वेळी उठून खरं सांगून टाकायला पाहिजे होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि माझी मूठ तर सगळ्या गावानं मिळून झाकली होती. मी भाकरी थापत राहिले.

जालन्यात मस्तगडला माझी आत्या राहायची. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत पायाची मशीन आणि कापायचं टेबल. तिचे यजमान लोखंडाच्या मिलमध्ये पाळीवर जायचे, घरात कमीच दिसायचे. आत्या ब्लाऊज शिवायची. हात एवढा साफ की लांबून-लांबून बाया यायच्या. मला बघून तिला कोण आनंद झाला. तिची शाळा चौथीत सुटलेली. आता घरात सायन्सची पोरगी आली होती. आल्या-गेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगायची, "आमच्या भावाची पोर. गणितात एकशे अठ्ठावीस हायेत तिला." ते ऐकलं की मी भांडी घासायला मोरीत पळायचे. एक बाई तर तिच्या सातवीतल्या मुलीची वहीच घेऊन आली, एवढं समजावून सांग म्हणून. मी म्हटलं, डोकं दुखतंय. दुसऱ्या दिवशी परत आली, परत डोकं दुखलं. आत्यानं माझ्यासाठी बामाची डबी आणली.

कॉलेज सुरू होऊन चार दिवस झाले आणि बोर्डावर सूचना लागली. गणित घेतलेल्या सगळ्या मुलांची वीस दिवसांनी चाचणी होईल. दहावीच्या अभ्यासक्रमावर, पंचवीस मार्कांची. दहाच्या वर असतील त्यांना गणित, बाकीच्यांनी विषय बदलून घ्यावा. माझ्या आजूबाजूची पोरं म्हणाली, दहावीचंच आहे ना, मग काय अवघड! मी ती सूचना तीनदा वाचली. शेवटी एक ओळ होती: उदाहरणे पुस्तकातील असतीलच असे नाही.

त्या ओळीनं माझी भूक गेली, खोटं सांगत नाही. घरी येऊन ट्रंकेतलं गाईड काढलं. हाताशी तेवढंच होतं. एक उदाहरण घेतलं, डोळे मिटून म्हटलं, बरोबर आलं. मग भीत भीत एक आकडा बदलून बघितला. बाराच्या जागी पंधरा केले. आणि पुढची ओळ मला सुचेना. पाठ असलेली ओळ डोक्यात वाजत होती, पण ती बाराची होती. पंधराची ओळ गाईडात नव्हती. मी वही मिटली आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. आत्या म्हणाली, "पाणी बेतानं वापर माय, नळ परवा येणारे."

क्लास लावता आला असता. कॉलेजच्या रस्त्याला दोन-तीन क्लास होते. पण क्लासला गेलं की मार्क विचारणार, आणि मार्क सांगितले की म्हणणार, एवढे मार्क असून क्लास कशाला? शिवाय आत्याला काय सांगायचं? माझा हट्ट होता तो, दुसरं काही नाही. पाण्यात बुडत होते, पण हात वर करायची लाज वाटत होती. रोज संध्याकाळी गाईड मांडीवर घेऊन बसायचे आणि ओठ हलवत तीच उदाहरणं परत म्हणायचे, जी मला झोपेतही आली असती. आत्या मशीनवरून बघायची आणि समाधानानं मान हलवायची. दिवस जात होते. विसाचे तेरा राहिले.

मन रमावं म्हणून मी जालन्याला आल्यापासूनच आत्याला मदत करत होते. काज करायचे, हूक लावायचे, आणि हात बसल्यावर कापडावर खडूनं आखून द्यायचे. आत्याचं सगळं तोंडी होतं. "छातीचा चौथा हिस्सा घे, वर दीड इंच शिलाईला. बाहीच्या मुंढ्याला आठवा हिस्सा न् दोन इंच." गिऱ्हाईक कोण का असेना, हिशेब तोच. तिच्याकडं एक वहीही होती, त्यात नेहमीच्या बायांची मापं टिपलेली. पण वहीवर तिचा भरवसा नव्हता. आपल्याकडं बाया अंगाला टेप लावून घेत नाहीत, नीट बसणारं एक जुनं ब्लाऊज मापाला म्हणून घेऊन येतात. ते मापाचं ब्लाऊज आत्या आखणी झाल्यावर खडूवर पसरायची, हातानं सारखं करायची, चहूकडून शिलाई सुटलीय का बघायची, आणि मगच कात्री उचलायची. नेहमीच्या बाईचं असलं तरी. मला ते उगाच वेळ घालवल्यासारखं वाटायचं. आखलंय ना बरोबर, मग परत काय बघायचं?

गल्लीतल्या एक वहिनी आत्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या दिराचं लग्न होतं. जांभळ्या रंगाचं, जरीच्या काठाचं कापड त्यांनी स्वतः येऊन दिलं, सोबत पिशवीत मापाचं ब्लाऊज, आणि "जल्दी पाहिजे हां" म्हणून गेल्या. त्यांचं माप मला तोंडपाठ होतं. छाती चौतीस. वहीत तीन वेळा तेच होतं. चौतीसचा चौथा हिस्सा साडेआठ, वर दीड, दहा. मी झरझर आखलं. आत्याला त्या दिवशी ताप होता आणि चार ब्लाऊज द्यायची होती. तिनं विचारलं, "बराबर आखलं ना?" मी म्हटलं, "हो." पिशवी मी उघडलीही नव्हती. आत्यानं कात्री चालवली.

वहिनी बाळंत होऊन पाच महिने झाले होते. त्या मला रोज दिसत होत्या, बाळ कडेवर घेऊन नळावर येत होत्या, आणि मी त्यांना चौतीसच धरून बसले होते. शिवायला घेताना आत्याची नजर पिशवीवर गेली. वहिनींनी बाळंतपणानंतर उसवून सैल केलेलं ते मापाचं ब्लाऊज तिनं काढून कापलेल्या तुकड्यावर ठेवलं. दोन्ही बाजूंनी ते बाहेर आलं.

आत्यानं हात उचलला नाही. उचलला असता तर बरं झालं असतं. ती टेबलापाशी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला पाठ व्हतं म्हून तू पाह्यलंच न्हाई. बाई रोज समोरून जाती. पाह्यलंच न्हाई."

मला रडू फुटलं. आणि रडता रडता तोंडातून सगळंच बाहेर पडलं. ब्लाऊजचं नाही, गणिताचं. "आत्या, मला गणित येत नाही. मी सगळं पाठ केलंय. एकशे अठ्ठावीस पाठांतराचे आहेत. चाचणीत मी नापास होणार, मला परत जावं लागणार, दादांची सगळ्या गावात शोभा होणार."

आत्या खुर्चीवर बसली. तिला आधी कळेचना. "गणित पाठ कसं करतेत?" मी तिला बाप-लेकाच्या वयाचं उदाहरण म्हणून दाखवलं, 'समजा'पासून 'म्हणून उत्तर बरोबर'पर्यंत, एका दमात. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अन् हे पोराचं वय क्ष म्हंजी?"

"माहीत नाही ते वय."

"मंग शेवटाला माहीत पडतं का?"

"पडतं."

"मंग ते पोरगं अन् बाप, दोघं बराबर निघाले का न्हाई, ते कशावर ठेवून बघतेत?"

मी म्हटलं, "पडताळा असतो." ती म्हणाली, "मंग तो कर ना." आणि ती उठून वहिनींच्या कापडाचं काय करता येईल ते बघायला लागली. तिला माझ्या गणितापेक्षा ते कापड महत्त्वाचं होतं, आणि बरोबरच होतं तिचं.

संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत लपले. मला वाटलं, आत्या माझं नाव सांगणार. ती म्हणाली, "माझ्या हातून चुकलं बाई. बगलेत त्याच कापडाची पट्टी घालून देते, पदराखाली दिसणार न्हाई. पण चुकलंय, ते आधीच सांगते." वहिनी थोड्या कुरकुरल्या. मग म्हणाल्या, द्या तसंच. आत्या आत आली आणि मला म्हणाली, चहा ठेव.

त्या चहाचं आधण ठेवताना माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. आत्याचा 'चौथा हिस्सा न् दीड इंच' म्हणजे क्ष भागिले चार, अधिक दीड. क्ष म्हणजे कुणीही. चौतीसवाली, चाळीसवाली, अजून न आलेली बाई. गिऱ्हाईक येईपर्यंत जागा मोकळी ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. दोन वर्षं मी त्या अक्षराला देवासारखं हात जोडत होते, आणि ते बिचारं कापडाची वाट बघत होतं. मी वहीत ते सूत्र लिहून काढलं. एवढ्यानं मला गणित आलं असं कुणी समजू नये. फक्त कुठून सुरुवात करायची ते दिसलं, आणि ते दिसल्यावर भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली, कारण आता किती येत नाही तेही दिसायला लागलं. दिवस उरले होते नऊ.

त्या नऊ दिवसांत मी गाईड उघडलं नाही. आत्यानं त्याला कापडाच्या गठ्ठ्याखाली दाबून टाकलं. कॉलेजातल्या एका मुलीकडून पाठ्यपुस्तक आणलं, मुद्दाम आकडे बदलायचे आणि चुकायचे. पहिल्या दिवशी सगळी चुकली. दुसऱ्या दिवशी दोन बरोबर आली, आणि ती बरोबर आहेत हे मला कुणी न सांगता कळलं, कारण उत्तर परत उदाहरणावर ठेवलं आणि ते बसलं. भूमितीचं मात्र काही जमेना. प्रमेयं पाठ होती आणि पाठच राहिली. रोज सकाळी उठलं की वाटायचं, पोट दुखतंय म्हणून सांगावं आणि जाऊच नये. आत्या म्हणायची, "जाऊ नको मंग. पण न्हाई गेली तर नापासच ना? मंग जाऊन हो." असला तिचा धीर!

चाचणीच्या दिवशी गणिताच्या सरांनी फळ्यावर पाच उदाहरणं लिहिली. उंच माणूस, उजवी बाही खडूनं पांढरी. उदाहरणं त्यांनी मराठीत लिहिली, आम्हा मराठीवाल्यांवर मेहेरबानी. पहिलं वाचायला घेतलं. 'वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या...' तेच! गाईडातलं. वर्गात सगळीकडं पेनं पळायला लागली, माझंही पळालं. समजा, मुलाचे आजचे वय क्ष वर्षे आहे. मुलगा बारा वर्षांचा, वडील छत्तीस. पडताळा: बारा वर्षांनंतर वडील अठ्ठेचाळीस, मुलगा चोवीस. चोवीसची दुप्पट अठ्ठेचाळीस. म्हणून उत्तर बरोबर. चार मिनिटांत झालं. पाच मार्क खिशात. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला, आणि दुसऱ्या उदाहरणाकडं वळले.

पण वळता येईना. वहिनींचं ते जांभळं कापड डोळ्यांपुढून हलेना. पडताळा केला होता ना? केला होता. पण तो मी केला होता का, की पाठ म्हटला होता? मी परत फळ्याकडं बघितलं आणि प्रश्नाच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवल्यासारखं एकेक अक्षर वाचलं. 'वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे. बारा वर्षांनंतर ते दुप्पट होईल.'

चौपट. गाईडात तिप्पट होतं.

बारा चोक अठ्ठेचाळीस. आणि माझा बाप छत्तीसचा. दुसऱ्या वाक्याला उत्तर बसत होतं, म्हणून तर ते बरोबर वाटलं होतं. पहिल्या वाक्याला तंग होत होतं. सगळं खोडलं, आडव्या-उभ्या रेघा मारून. नव्यानं मांडलं. मुलगा सहा, वडील चोवीस. चोवीसचा बाप आणि सहा वर्षांचं पोरगं? घटकाभर शंका आली. मग म्हटलं, आमच्या गावात असे ढीगभर आहेत. सहा चोक चोवीस. बारा वर्षांनी अठरा आणि छत्तीस. दोन्हीकडून बसलं. पण यात अर्धा वेळ गेला होता. दुसरं घाईत अर्धवट सोडवलं, तिसऱ्यात भूमितीची आकृती काढून दोन-चार पाठ ओळी लिहिल्या, आणि घंटा झाली. चौथ्या-पाचव्याला हात लागला नाही.

बाहेर पोरं एकमेकांना सांगत होती, पहिलं तर गाईडातलं होतं, बारा आणि छत्तीस! सगळ्यांचं तेच. एवढ्या सगळ्यांचं चुकून माझंच कसं बरोबर असेल? घरी येईपर्यंत मला खात्री वाटायला लागली की फळ्यावर तिप्पटच होतं आणि मी घाबरून चौपट वाचलं. चार दिवस यादी लागायची होती. त्या चार दिवसांत मी किती काज केले असतील, मोजदाद नाही. दोन काज तर बाहीलाच केले.

पाचव्या दिवशी सर पेपरांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले. म्हणाले, "गाईडातला बाप छत्तीस वर्षांचा आहे, हे मला माहीत आहे. माझ्या फळ्यावरचा बाप छत्तीसचा नव्हता." मग एकेकाला बोलवून पेपर द्यायला लागले. माझी पाळी आली तेव्हा पेपर हातात धरून त्यांनी विचारलं, "हे पूर्ण लिहून परत खोडलंस. कशामुळं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मापाला बसलं नाही, सर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पेपर दिला. पंचवीसपैकी अकरा. अकरा! एकशे अठ्ठावीस पडले तेव्हा मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी बाकावर डोकं ठेवून मी रडले, आणि शेजारच्या मुलीला वाटलं मी नापास झाले.

त्याच दुपारी दादा आले. यादी लागणार हे आत्यानं त्यांना निरोप पाठवून कळवलं होतं. पिठाची पिशवी आत्याकडं रिकामी करून ते परत निघाले, मी एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. बाकावर बसलो. त्यांनी चहा सांगितला. म्हणाले, "झालं ना? एकशे अठ्ठावीसवालीला काय अवघड व्हतं."

पेपर माझ्या हातात घडी करून धरलेला होता. तसाच धरून गप्प बसता आलं असतं. गणित मिळालं होतं, जालना मिळालं होतं, मूठ झाकलेलीच राहिली असती. पण आत्या वहिनींना म्हणाली होती ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. मी म्हटलं, "दादा, ते एकशे अठ्ठावीस माझे नव्हते. मी नुसतं पाठ केलं होतं. मला काहीच येत नव्हतं. तुम्ही टोपी घालून उभे होता तेव्हाही येत नव्हतं. हे अकरा तेवढे माझे आहेत."

दादांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. आणि समोर उभ्या एस.टी.कडं बघत, शाळेतल्या पोरासारखं एका सुरात म्हणायला लागले, "समजा, मुलाचे आजचे वय क्ष वर्षे आहे. म्हणून वडिलांचे आजचे वय तीन क्ष वर्षे..." थेट शेवटापर्यंत. एक शब्द चुकला नाही. "म्हणून उत्तर बरोबर," असं म्हणून थांबले.

"तू झोपंत म्हणायचीस," दादा म्हणाले. "पहाटं मोटर चालू करून घरी आल्तो का तुझं चालूच असायचं. ऐकून ऐकून मला बी पाठ झाल्तं. चौथी शिकल्याला मानूस मी. मला काय गणित येतं व्हय? तवाच कळ्ळं मला."

"मग सत्काराच्या दिवशी..."

"ठावं व्हतं."

"काकांशी भांडलात ते?"

"ते बी ठावं असूनच."

"मग पाठवलं कामून, दादा?" माझा आवाज चढला, शेजारचं माणूस वळून बघायला लागलं. मला रागच आला होता. एवढे दिवस मी एकटीनं धडधड सोसली, आणि यांना सगळं माहीत होतं.

दादा बाकावरची धूळ हातानं झाडत बसले. "गावात कोण शिकवणार व्हतं तुला? मी म्हून पाठवलं, तिथं कुणी शिकवणारं भेटलं तर भेटंल. न्हाई भेटलं तर आणू परत. पण तुला आधी बोललो असतो तर तू आलीच नसती." मग म्हणाले, "मला बी भाकर गोड लागली न्हाई तू गेल्यापास्नं."

भोकरदनची गाडी लागली. दादा उठले, पिशवी झटकून घडी केली. पायरीवर पाय ठेवता ठेवता वळून त्यांनी विचारलं, "अन् तुझ्या पेपरात बाप किती वर्साचा निघाला?"

"चोवीस."

"पोरगं?"

"सहा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मी चोवीसचा व्हतो तवा तू सहाचीच असशील," ते म्हणाले, "बराबर हाये." आणि गाडीत जाऊन खिडकीपाशी बसले.